तीनचाकी होंडा एटीसी: एक काजू सीझन आणि एक पावसाळा काढल्यावर

गाडी हातात आली तेव्हाच लिहिणार होतो पण म्हटलं आधी एक पावसाळा जाऊ दे, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसाळा काढल्याशिवाय कुठल्याच लोखंडाबद्दल मत देऊ नये. आता दसरा झाला, गाडी परत चालू आहे, म्हणून बसलोय लिहायला.

गाडी म्हणजे होंडा एटीसी २००एस, १९८४ चं मॉडेल. टुरिस्टांना फिरवतात ती चार चाकांची एटीव्ही पाहिली असेल, तिची ही थोरली बहीण, पुढे एक चाक मागे दोन, आणि तिन्ही टायर फुग्यासारखे. होंडाने पहिली तीनचाकी १९७० साली अमेरिकेत काढली, कारण तिकडे थंडीत मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा डीलरला बर्फात विकायला काहीतरी पाहिजे होतं. गंमत बघा, बर्फासाठी जन्माला आलेली जात, आखातात वाळूत पळाली, आणि आता वाळपईच्या पुढे आमच्या काजूच्या बागायतीत लाल मातीत लोळतेय. आतेभाऊ मस्कतहून कायमचा परत आला तेव्हा घरच्या सामानाबरोबर आणली होती, मग कित्येक वर्षं त्याच्या म्हापशाच्या गोदामात नारळाच्या झावळ्यांखाली पडून. मला दिली दोन बाटल्या फेणी आणि पाच किलो काजूगरांच्या बदल्यात. त्याला वाटलं मला फसवलं, मला वाटलं त्याला.

कागदपत्रं नाहीत, ही रस्त्यावर चालवायची गाडीच नाही, त्यामुळे "पासिंग होईल का" असं विचारू नका. आपल्या जमिनीत चालवायची, बस.

१९२ सीसीचं एअर कूल्ड इंजिन, पाच गिअर, क्लचला लिव्हर नाही, बॅटरी नाही, दोरी ओढून चालू करायची, रिव्हर्स नाही, मागे सस्पेन्शन नाही, जे काय मऊपण ते टायरमधल्या हवेचं.

रिपेअरचं सांगतो. दोन महिन्यांचं काम म्हणून सुरू केलं, चार महिने गेले. टाकीच्या तळाला जुन्या पेट्रोलचा काकवीसारखा थर बसलेला, कार्बोरेटर उघडला तर आत तोच डिंक. पायलट जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, तिचं भोक इतकं बारीक की उजेडाकडे धरलं तरी काही दिसेना. मी हुशारी करून पुतण्याच्या गिटारची सगळ्यात बारीक तार घेतली आणि घासायला लागलो, तेवढ्यात आमचा मेस्त्री आला आणि हातातून जेटच काढून घेतलं. "पुता, पितळ तें, पोलाद घालून भोंक व्हड करतलो तूं." म्हणजे भोक मोठं करून ठेवशील. मग त्याने जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवलं, सकाळी कॉम्प्रेसरची हवा मारली, आणि सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला. एवढ्या चार महिन्यांत तो एक क्षण मला सगळ्यात जास्त आवडला, बायकोला बोलावून दाखवला, तिला काही वाटलं नाही.

ऑनलाइन एक स्वस्तातला नवीन कार्बोरेटरही मागवला होता, तो पहिल्याच दिवशी गळायला लागला, जुनाच परत बसवला. मूळचा माल असेल तर साफ करा, बदलू नका. रबर मात्र सगळं बदला, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आणि १९८४ च्या रबरने ते कधी चाखलेलं नाही. माझा फ्यूल पाइप आठवड्यात फुगून लुसलुशीत झाला.

मागच्या एक्सलच्या बेअरिंगची मला फार धास्ती होती, जपानहून आणावी लागणार की काय. मेस्त्रीने घाण पुसून कडेवरचा नंबर वाचला, मी तो नंबर घेऊन फोंड्याच्या बेअरिंगवाल्याकडे गेलो, त्याने मागे वळून फळीवरून डबी काढून दिली. सील मात्र मिळाली नाहीत, ती बाहेरून मागवली आणि बेअरिंगपेक्षा सीलला जास्त पैसे गेले. स्टार्टरची दोरी कुजली होती, मालीमच्या जेट्टीवरून जाळ्याची नायलॉन दोरी आणली, ती अजून मस्त आहे. दोरी बदलताना आतली स्प्रिंग सुटून माझ्या कानाजवळून गेली आणि देव्हाऱ्यापर्यंत पोचली, तेव्हा चष्मा लावून आणि जाड हातमोजे घालूनच ते झाकण उघडा.

आणि टायर. या टायरमध्ये हवा फक्त २.२ पीएसआय भरायची, हो, दोन पूर्णांक दोन. मी वाळपईत पंक्चरवाल्याकडे चाकं घेऊन गेलो, तो म्हणाला मीटर मोडलंय तुमचं, आणि स्कूटरसारखी २५ भरून दिली. घरी आणून चालवली तर गाडी चेंडूसारखी उडायला लागली, पहिल्याच बांधावर मी एकीकडे आणि ती दुसरीकडे. नेहमीच्या गेजवर दोन दिसतच नाही, कमी प्रेशरचं वेगळं गेज घ्यावं लागतं, ते घ्याच.

सगळे धरून अठ्ठावीस हजारांच्या आसपास खर्च झाला.

चालवायला कशी? मार्च ते मे रोज वापरली. मागे छोटी ट्रॉली लावून बोंडूचे, म्हणजे काजूच्या फळांचे, क्रेट वरच्या भागातून फेणीच्या भट्टीपर्यंत आणायचे, जिथे पूर्वी दोन माणसं डोक्यावरून आणायची. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बैलासारखी ओढते, पाचोळ्यावरून घसरत नाही. पण वळताना जपून. मागच्या एक्सलला डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकत्र फिरतात, त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते, बाहेरच्या फूटपेगवर वजन टाकून अंग वाकवून वळवावी लागते. आणि गाडी कलली की पाय खाली टेकवायचा नाही, बाइकवाल्यांना ही सवय असतेच, इथे पाय टेकवला की मागचं चाक त्यावरून चढतं. माझ्या पोटरीवर खूण आहे. अपघात इतके झाले की अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमध्ये १९८८ साली करार होऊन तीनचाकींची नवीन विक्री बंद झाली. त्यामुळे पुतण्याला मी अजून चालवायला दिलेली नाही, तो रुसलाय.

आता मुख्य विषय. कॅनडावाले व्हिडिओ बघून मी 'विंटरायझिंग' शिकलो, बर्फ पडायच्या आधी गाडी कशी बंद करून ठेवायची ते. आपल्याकडे बर्फ नाही, पण जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि चार महिने हवा ओली, म्हणजे आपलं ते 'पावसाळायझिंग'. मे संपता संपता घरात आईची पुरमेंतची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, गडबड, सुकी मासळी, कोकम, मिरच्या, आणि अंगणात माझी ही.

ते लोक टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध, घालतात. मी उलट केलं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून टाकी पूर्ण रिकामी केली आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून शेवटचा थेंबसुद्धा काढला. इंजिन ऑइल पावसाआधी बदललं, नंतर नाही, कारण काळं ऑइल आत आम्ल आणि ओल धरून बसतं. मग प्लग काढून भोकातून चमचाभर ऑइल टाकलं, दोरी चार-पाचदा हळू ओढली, प्लग परत बसवला, आणि पुन्हा हळूहळू ओढत जिथे दोरी जड लागली तिथे थांबलो. तिथे दोन्ही व्हॉल्व बंद असतात, बाहेरची हवा सिलिंडरमध्ये जात नाही. हे एकच काम करायला वेळ असेल तर हेच करा. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी आणि रबर, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते, आमच्या पाण्याच्या पंपाचं झालंय. आणि फ्रेमखाली चार चिरे रचून तिन्ही चाकं जमिनीवरून उचलली.

इथवर शहाणा. आता मूर्खपणा.

एक, गाडी निळ्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळली, वरून दोरी आवळली, लाडू बांधल्यासारखी. ऑगस्टमध्ये चार दिवस उघाडी मिळाली तेव्हा सोडून बघितली तर आतून ताडपत्री घामाने निथळत होती, सीटवर पांढरी बुरशी बोटभर, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने फोम कुरतडून बाळंतिणीची खोली केलेली. पाऊस बाहेर ठेवायच्या नादात ओल आत कोंडली. त्यानंतर नुसतं वरून छप्पर, बाजूने उघडी, आणि डब्याच्या तोंडाला बारीक जाळी.

दोन, पार्किंग ब्रेक लावून ठेवला. का, देव जाणे, चाकं हवेत आणि ब्रेक लावलेला. मागचे ब्रेक शू ड्रमला असे चिकटले की चाक हलेना. मेस्त्रीने लाकडी दांडा ठेवून हातोडीने ठोकून सोडवले, लायनिंगचा एक तुकडा ड्रमलाच राहिला. नवीन शू बसवताना तो काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

इंजिनला मात्र काही झालं नाही. चवथीच्या पाहुण्यांची गर्दी सरल्यावर ताजं पेट्रोल घातलं, चोक ओढला, तिसऱ्या दोरीला चालू. पहिली दोन मिनिटं निळा धूर, तो चमचाभर ऑइलचा, मग साफ. शेजारचे काका धूर बघून धावत आले, "पेटली काय रे?"

आता बाकी आहे ते डावीकडचं मागचं सील, रोज थोडं ग्रीस बाहेर टाकतं. नवीन मागवलंय, काजूच्या आधी आलं तर बरं, नाहीतर मार्चमध्ये क्रेट परत डोक्यावरून.