चौथीचा वर्ग केनियाशी बोलतो तेव्हा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते. पट सत्तावीस. जगभरातल्या प्राथमिक शाळांना एकत्र आणणारे ऑनलाइन उपक्रम आणि स्पर्धा बऱ्याच आहेत. त्यातले काही आम्ही जुलै ते फेब्रुवारी या काळात वापरले. शिक्षकांच्या ग्रुपवर "यातलं नेमकं काय घ्यावं?" असं सारखं विचारलं जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त काही दिलं असेल तर ते "ओळखा पाहू, आम्ही कुठले?" या खेळानं. दोन वर्ग व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसतात. समोरचा वर्ग कोणत्या देशातला आहे ते मुलांना माहीत नसतं, फक्त दोन्हीकडच्या शिक्षकांना माहीत असतं. आळीपाळीनं प्रश्न विचारायचे आणि उत्तर फक्त हो किंवा नाही असं द्यायचं. पूर्वी हा खेळ स्काईपच्या नावानं ओळखला जायचा. स्काईप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण जुन्या माहितीपत्रकांत अजून तेच नाव दिसतं. त्यानं अडत नाही, कुठलाही व्हिडिओ कॉल चालतो. आमच्याकडे शाळेचा प्रोजेक्टर आणि माझ्या फोनचा हॉटस्पॉट, एवढंच होतं.

पहिला कॉल जुलैमध्ये, सकाळी अकराला. आमच्या मुलांनी विचारलं, "तुमचा देश विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे का?" पलीकडे कुजबुज झाली आणि उत्तर आलं, "हो आणि नाही." आमचा वर्ग चिडला. असं कसं, एकच उत्तर द्यायचं ठरलंय ना! मी गप्प बसले. मिनिटभरानं तिसरीतली एक मुलगी उठली, पृथ्वीच्या गोलावरच्या मधल्या रेषेवर बोट ठेवून फिरवत गेली आणि म्हणाली, "बाई, रेघ देशाच्या मधनंच जात असंल तर?" मग फळ्यावर यादी झाली: गॅबॉन, काँगो, युगांडा, केनिया, सोमालिया, इंडोनेशिया, ब्राझील, कोलंबिया, इक्वेडोर. समुद्र आहे का? हो. युगांडा खोडला. आशियात? नाही. अटलांटिकला लागून? नाही. पॅसिफिकला? तेही नाही. शेवटी केनिया आणि सोमालिया उरले, तेव्हा एकानं विचारलं, "तुमच्यात चहाचे मळे खूप आहेत का?" हो म्हणताच वर्गानं जो गलका केला तो ऐकून शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. विषुववृत्त मी दहा वर्षं शिकवतेय. ते इतकं पक्कं डोक्यात बसलेलं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

खेळ एका कॉलमध्ये संपतो. बहुतेक शाळा तिथून पुढच्या देशाकडे वळतात आणि नकाशावर टाचण्या वाढवत जातात. आम्ही त्याच वर्गाबरोबर थांबलो, आणि खरा लाभ त्यानंतर झाला. दोन कॉलनंतर मुलांच्या लक्षात आलं की त्यांच्या स्वाहिलीतले काही शब्द आपल्या कानाला ओळखीचे आहेत. दुकानाला ते दुका म्हणतात, रंगाला रांगी, साबणाला साबुनी, गणिताला हेसाबु, आणि चपातीला चपातीच. अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतांतून त्या किनाऱ्यावर गेले, हे मी सांगितलं, पण शब्द मुलांनीच शोधले. वहीत आता एकोणीस झालेत. त्यांचं घड्याळही मुलांना फार आवडलं. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे पहिला तास. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास ठरलेल्या वेळी उगवतो, म्हणून हे जमतं. "आपल्याकडं जमंल का?" यावर एक अख्खा तास गेला. थंडीत सूर्य उशिरा उगवतो हे मुलांनी आठवडाभर घड्याळ लावून स्वतः नोंदवलं.

भाषेची अडचण खरी आहे. आमची मुलं मराठीत बोलतात, तिकडची इंग्रजी आणि स्वाहिलीत, आणि मधे मी दुभाषी. चाळीस मिनिटांत निम्मा वेळ भाषांतर करण्यात जातो. यावर उपाय मिळाला तो असा की प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवायचे. मग कॉलमध्ये दाखवायचं जास्त आणि बोलायचं कमी.

आता स्पर्धांकडे. मिनिटभरात जास्तीत जास्त गणितं सोडवायची आणि जगभरातल्या मुलांशी गुण तोलायचे, अशी एक स्पर्धा आम्ही घेतली. पाढ्यांचा वेग वाढला, हे मान्य करायला हवं. पण शाळेत दोन टॅब, आणि घरी फोन मिळणारी मुलं सहा-सात. तीच वर गेली. तळाशी राहिलेल्या मुलांनी तिसऱ्या आठवड्यात स्पर्धेचं नाव काढणं सोडलं. आणि ज्या मुलाशी स्पर्धा, त्याचा फक्त झेंडा आणि आकडा दिसतो. तो काय खातो, त्याच्या शाळेला खिडक्या आहेत का, काही कळत नाही. मी ती बंद केली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

बेब्रास मात्र मनापासून सुचवते. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली ही कोड्यांची स्पर्धा आहे, तिकडच्या भाषेत बेब्रास म्हणजे बीव्हर हा प्राणी. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, तर्क लागतो, आणि भारतात प्रश्न मराठीतही मिळतात. वाचता येणारं प्रत्येक मूल सोडवू शकतं.

केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात लांब सुट्टी असते. त्यात आपली दिवाळी. म्हणजे दोन महिने कॉल नाहीत. त्या काळात पोलंडमधला एक वर्ग मिळाला. सप्टेंबरात ठरवलं होतं: त्यांचे दहा, आपले दीड. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही दीड वाजता वाट पाहत बसलो, पलीकडे कोणीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ तासभर मागे घेतात, हे मी विसरले होते. तासाभरानं ते आले तेव्हा आमच्याकडची लाईट गेलेली. युरोपातला वर्ग जोडणाऱ्यांनी ही तारीख आधीच कॅलेंडरवर खुणवावी.

पण तिथल्या बाईंनी नकाशावर आमचं गाव पाहून विचारलं, "कोल्हापूर किती लांब?" कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बरीचशी मुलं. ते त्यांना माहीत होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या निर्वासितांचं स्मारक आहे आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं अंबाबाईला जाऊन आलेली, पण हे एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही अर्धवटच होतं. डिसेंबरची सहल आम्ही तिकडेच नेली.

मुलांच्या फोटोंबाबत काळजी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. मी पालकसभेत समजावून सह्या घेतल्या. पूर्ण नाव कुठेही लिहीत नाही, आणि कॉल रेकॉर्ड करत नाही. तीन पालक नको म्हणाले, त्यांची मुलं कॅमेऱ्याच्या बाजूला बसून नोंदी घेतात.

फेब्रुवारीत द्राक्षं सुरू झाली तेव्हा केनियाचा वर्ग परत आला होता. फोन घेऊन आम्ही एका पालकांच्या बेदाणा शेडवर गेलो. जाळ्यांच्या रॅकवर पसरलेले घड पाहून तिकडून पहिला प्रश्न आला: वाळवायचीच आहेत, तर आधी पाण्यात का बुडवता? आमच्यातल्या कोणालाच सांगता येईना. शेडवाले काका पुढे आले. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात तो सुटतो आणि मग आतलं पाणी लवकर निघतं, नाहीतर वाळायला फार दिवस लागले असते. मुलं शेडमध्येच वहीत लिहीत होती. जन्मापासून बेदाण्याच्या वासात वाढलेली ही मुलं, हा प्रश्न त्यांना विषुववृत्तावरच्या मुलांनी विचारला.

पुढचा कॉल गुरुवारी आहे. या वेळी आमच्याकडून प्रश्न जाणार आहे: चहाची पानं खुडल्यावर काळी कशानं होतात?