रिफर्बिश्ड लॅपटॉप, १६ जीबी : सहा महिने मॅट्रिक्स दळून झाल्यावर

एमएस्सी मॅथ्सच्या प्रोजेक्टसाठी घेतला. मला बीबीपी ट्रान्झिशन बघायचं होतं, म्हणजे रँडम मॅट्रिक्समध्ये लपवलेला सिग्नल किती ताकदीला अचानक दिसायला लागतो ते; बाइक, बेन आरूस आणि पेशे या तिघांचं २००५ सालचं काम, त्यातलं जरा सोपं व्हर्जन. १०,००० बाय १०,००० ची सिमेट्रिक रँडम मॅट्रिक्स एकटीच ८०० एमबी खाते आणि सिमेट्रिक करताना वर कॉप्या होतात त्या वेगळ्या, तेव्हा ८ जीबीवाला घेऊ नका. मॅट्रिक्स नीट स्केल केली की तिच्या आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स कोणत्या दिशेला किती ताणते ते सांगणारे आकडे) -२ ते २ मध्ये बसतात, हिस्टोग्राम अर्धवर्तुळासारखा दिसतो, मग त्यात थीटा ताकदीचा रँक-वन सिग्नल, म्हणजे एकाच दिशेचा पॅटर्न, मिसळायचा. थीटा १ च्या खाली असला की सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू २ ला चिकटूनच राहते, सिग्नल घातलाय की नाही पत्ताच लागत नाही. १ ओलांडला की ती गर्दीतून बाहेर निघून थीटा + १/थीटा वर जाऊन बसते. थीटा २ ठेवला तर २.५, मला आलं तेव्हा एकटाच हसत बसलो होतो.

आता तक्रार. लूप थीटा ३ पासून खाली आणत होतो, आधी फटाफट उत्तरं आणि १ जवळ आलं की मशीन बसलंच, फॅनचा आवाज तर मिक्सरसारखा. मला वाटलं गरम होऊन स्लो होतंय, गेलो दुकानात भांडायला. दुकानातल्या काकांनी अर्धा तास व्हिडिओ चालवून दाखवला, काही झालं नाही, 'तुमचंच काहीतरी असेल' म्हणाले, राग आला पण परत आलो. रात्री लूप उलटा लावला, थंड लॅपटॉपवर थीटा ०.५ पासून. तर सुरुवातीलाच रखडला आणि १ च्या पुढे गेल्यावर, चांगला तापलेला असताना, पळायला लागला! म्हणजे उष्णतेचा संबंधच नाही. मी लँझोसने (फेऱ्या मारत टोकाच्या आयगेनव्हॅल्यू शोधणारी पद्धत) फक्त वरची एक व्हॅल्यू काढतो, १ च्या खाली पहिल्या दोघींत ०.०१ एवढंही अंतर नसतं, मग त्याला पहिली कोण हे ठरवायला चिकार फेऱ्या लागतात. १.५ ला तीच २.१६७ वर एकटी उभी असते, शोधायला काय लागतंय. अगदी १ च्या आजूबाजूला, साधारण ०.९५ ते १.०५, दर वेळी नवीन मॅट्रिक्स घेतली की चित्र थोडं वेगळं येतं, तिथे एका रनवर विश्वास ठेवू नका.

काकांना सॉरी म्हणायला अजून गेलो नाहीये. स्क्रीनची बिजागरी मात्र खरंच ढिली आहे, म्हणून एक स्टार कापला. बॅटरी दोन तास, तीही नुसतं टायपिंग केलं तर.