गिअरबॉक्स गेला म्हणाले, गेला होता ब्रेकचा स्विच

ऑटोमॅटिक गाडी जुनी असेल आणि एखाद्या सकाळी गिअरचा दांडा ‘पी’मधून, म्हणजे पार्किंगमधून, हलेनासा झाला, तर गॅरेजला फोन करण्याआधी एक करा. गाडीच्या मागे कुणाला तरी उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागत नसतील आणि तरीही समोरचा माणूस गिअरबॉक्स खोलायची भाषा करत असेल, तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. माझे यात 46,500 रुपये गेले, म्हणून सविस्तर लिहितेय. गॅरेजचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. आणि असं गॅरेज बडोद्यात एकच असेल असं मला वाटतही नाही.

आमची गाडी 2011 ची, पेट्रोलवर चालणारी. ह्यांचा डावा गुडघा क्लचला वैतागला होता, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. ह्यांची नोकरी दहेजला, कंपनीच्या बसने जाणं-येणं, त्यामुळे गाडी जास्त करून मीच चालवते. कारेलीबागेतून दांडिया बाजार, खंडेराव मार्केट, सासूबाईंचे डॉक्टर, एवढाच तिचा संसार. पावसाळ्यात एका सकाळी सासूबाईंना डोळे दाखवायला न्यायचं होतं. त्या मागे बसल्या, गाडी सुरू झाली, ब्रेकवर पाय ठेवला, पण दांड्यावरचं बटणच आत जाईना. बंद करून परत सुरू केली, जोर लावला, काही नाही. शेवटी सासूबाईंना रिक्षाने पाठवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी दिलेल्या गॅरेजच्या नंबरावर फोन केला.

टोइंगची गाडी आली, तिच्याबरोबर विशीतला एक पोरगा. ह्यांना पाठवायला म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. पोराने काय केलं ते नीट वाचा, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. त्याने हँडब्रेक ओढला. खिशातून चपटा स्क्रू ड्रायव्हर काढला. गिअरच्या दांड्याशेजारी नखाएवढी काळी प्लॅस्टिकची झाकणी असते, ती टोकाने उचकटली, खालच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने दांडा अलगद ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, आणला. मी विचारलं, हे काय केलंस? म्हणाला, ‘लॉक खोल्युं, बेन.’ व्हिडिओत त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

संध्याकाळी मालकाचा फोन. बोलणं मधाळ, दर वाक्याला बेन. ‘बेन, गिअरबॉक्स बेसी गयुं छे. वाल्व बॉडी गई. पूरनुं पाणी अंदर गयुं हशे.’ म्हणजे गिअरबॉक्स बसला, वाल्व बॉडी (तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा त्यातला भाग) गेली, पुराचं पाणी आत गेलं असणार.

पुराचं नाव काढलं की बडोद्यातला माणूस अर्धा खचतोच. 2024 च्या ऑगस्टअखेर आमची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 25 फूट असताना. सोसायट्याच्या सोसायट्या तळमजल्यापर्यंत पाण्यात, आणि नंतर कित्येक महिने गॅरेजांपुढे चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगा. ‘पुराची गाडी’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, खर्च मान्य करतो. पण आमची गाडी तेव्हा पुलावर नेऊन लावलेली होती, टायरलासुद्धा पाणी लागलं नव्हतं. तसं मी म्हटलं. त्यावर म्हणे, ‘भेज तो लागे ने, बेन.’ ओलावा तर लागतोच! पुलावर उभ्या गाडीच्या बंद गिअरबॉक्समध्ये ओलावा शिरतो आणि एक वर्ष दबा धरून बसतो, असं त्याचं शास्त्र.

मग व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. कापलेल्या डब्यात काळंकुट्ट तेल. ‘तुमच्या गिअरबॉक्समधून निघालं.’ अंदाज 68,000 रुपये. ह्यांनी दहेजहून फोनवर घासाघीस केली, तेव्हा ‘तमारा माटे’ (तुमच्यासाठी) म्हणत 46,500 वर आला. पंचवीस हजार आधी, तेही गॅरेजच्या नव्हे, कुणाच्या तरी खासगी यूपीआय नंबरावर. बाकीचे गाडी हातात देताना. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर ‘ए.टी. रिपेर, लेबर साथे’ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती, मजुरीसकट) आणि खाली आकडा. जीएसटी नंबर नाही, पार्टचं नाव नाही. पक्कं बिल पाहिजे असेल तर वर 18 टक्के द्या म्हणाला. जुने पार्ट मागितले, तर ‘भंगारमां गयां’.

गाडी काही आठवडे बरी चालली. नवरात्रात मुलीला गरब्याहून आणायला गेले आणि मैदानाच्या पार्किंगमध्ये तेच नाटक. दांडा ‘पी’मध्ये, बटण घट्ट. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. मला त्या पोराची झाकणी आठवली. हँडब्रेक लावला, ब्रेकवर पाय, झाकणी उचकटून किल्लीचं टोक फटीत दाबलं, दांडा ‘एन’मध्ये आला. तिथूनच गाडी सुरू केली, ‘डी’ (ड्राइव्ह) टाकला आणि घरी आलो. गिअर मऊसूत पडत होते. जो गिअरबॉक्स ‘बसला’ होता आणि 46,500 घेऊन उठला होता, तो पुन्हा बसला असता तर गाडी अशी आली असती का?

दुसऱ्या दिवशी नवापुऱ्यात ह्यांच्या ओळखीचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे गेले. वय सत्तरीकडे झुकलेलं, दुकान म्हणजे एक शटर आणि बॅटऱ्यांचा ढीग. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. ‘वहिनी, ब्रेक दाबा. ए, मागे बघ रे.’ त्यांचा पोरगा मागून ओरडला, ‘नथी थती, काका.’ लागत नाहीत. डावा नाही, उजवा नाही, काचेतला वरचा नाही. काका म्हणाले, तीन बल्ब एकदम जात नसतात. आधी फ्यूज पाहिला, शाबूत. मग डोकं खाली घालून ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला हात घातला आणि अंगठ्याएवढा स्विच फिरवून बाहेर काढला. मीटर लावला, कॉन्टॅक्ट येतोय, जातोय, येतोय, जातोय. ‘हा मेलाय.’ नवा स्विच 350 रुपये, मजुरी 200. बसवला, ब्रेक दाबला, दांड्याच्या बुडाशी ‘टक’ आवाज आला आणि दांडा सुटला.

आता त्या स्विचचं काम सांगते, कारण ते कळलं की फसवणारा आपोआप उघडा पडतो. आपण ब्रेक दाबतो तेव्हा तो स्विच दोन कामं करतो. मागचे दिवे लावतो आणि गिअरच्या दांड्याखालच्या सोलेनॉइडला ‘पाय ब्रेकवर आहे’ असं कळवतो. सोलेनॉइड म्हणजे विजेने ओढली जाणारी छोटी खीळ. ती सरकली की ‘टक’ होतं आणि दांडा मोकळा. स्विच मेला की दिवेही नाहीत आणि खीळही सरकत नाही. यालाच शिफ्ट लॉक म्हणतात. गिअरबॉक्स गाडीच्या पोटात, हे सगळं केबिनमध्ये. अमेरिकेत 1980 च्या दशकात ऑडी 5000 विषयी ‘पी’मधून काढताच गाडी आपोआप सुसाट सुटते अशा तक्रारींचा गदारोळ झाला होता. तिथल्या सरकारी तपासणीने 1989 मध्ये बहुतेक प्रकरणांचं कारण सांगितलं ते असं, की ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर पाय. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलू न देणारं हे कुलूप त्याच सुमारास गाड्यांत आलं. थोडक्यात, ते आपल्या भल्यासाठी आहे आणि त्याची किल्ली म्हणजे हा साडेतीनशेचा स्विच.

काकांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या, त्या पाहून माझं डोकं फिरलं. एक, जुन्या स्विचच्या कनेक्टरवर नवीकोरी काळी टेप गुंडाळलेली होती. आजूबाजूच्या वायरींवर चौदा वर्षांची धूळ, टेप मात्र चकचकीत. म्हणजे आधीच्या गॅरेजवाल्याने दुखणं अचूक ओळखलं होतं, कॉन्टॅक्ट साफ करून तात्पुरतं चालू केलं होतं आणि तोंड बंद ठेवलं होतं. दुसरं, काकांनी टॉर्च मारून गाडीखाली बघायला लावलं. गिअरबॉक्सच्या खालच्या पॅनच्या (तेलाच्या तबकाच्या) बोल्टांवर मातीचा थर, एकाही बोल्टाच्या डोक्यावर पान्याचा ओरखडा नाही. वाल्व बॉडीचं काम झालं असेल तर तेल तरी बदलावं लागणारच. आमच्या गाडीला त्या तेलाची डिपस्टिक, म्हणजे तेल तपासायची पट्टी, आहे. ती ओढून पुसली तर तेल जुनं, तपकिरी लाल. नवं असतं तर लालभडक दिसलं असतं. पाणी शिरलं असतं तर गुलाबी दुधासारखं झालं असतं. डब्यातलं काळंकुट्ट कुठलं होतं मग? ‘कुणाच्या तरी इंजिनाचं,’ काका म्हणाले.

पैशापेक्षा मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मरायला टेकलेला स्विच तसाच ठेवून त्याने गाडी माझ्या हातात दिली. म्हणजे मधल्या काळात किती वेळा मी ब्रेक दाबला असेल आणि मागच्या डंपरला दिवा दिसला नसेल, कुणास ठाऊक. हायवेवर गोल्डन चोकडीच्या बाजूला ट्रक कसे अंगावर येतात ते बडोदेकरांना सांगायला नको. गाडीत सासूबाई असायच्या.

काकांकडून जे शिकले ते सांगते. किल्ली पूर्ण ‘ऑन’वर पाहिजे, त्याच्या आधीच्या ‘एसीसी’ टप्प्यावर (जिथे रेडिओ वगैरेच चालतो) अनेक गाड्यांत लॉक सुटतच नाही. बेसमेंटच्या उतारावर हँडब्रेक न लावता ‘पी’ टाकला असेल तर गाडीचा सगळा भार आतल्या खिटीवर येतो आणि दांडा जाम वाटतो. तो बिघाड नव्हे. पुढच्या वेळी ब्रेक दाबून धरा, आधी हँडब्रेक लावा, मग ‘पी’. ब्रेकचे दिवे लागत नसतील तर फ्यूज आणि स्विच, एवढंच आधी बघायचं. दिवे लागतात पण ‘टक’ ऐकू येत नाही, तर दोष सोलेनॉइडमध्ये, त्याच्या वायरीत किंवा दांड्याखालच्या छोट्या स्विचमध्ये. तिथे चहा किंवा कोल्ड्रिंक सांडलं होतं का ते आठवा, काकांनी अशी कितीतरी प्रकरणं चिकट साखरेमुळे झालेली पाहिली आहेत. बॅटरी अगदी उतरली असली तरी सोलेनॉइड ओढत नाही. उलटही होतं. पेडलवर स्विच दाबणारं इवलंसं प्लॅस्टिकचं बटण असतं, ते जुनं होऊन चुरा झालं की ब्रेकचे दिवे रात्रभर जळत राहतात आणि सकाळी बॅटरी ठप्प. पायपुसण्यावर प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर तेच समजा. गिअरबॉक्सची शंका केव्हा घ्यायची? दांडा नीट हलतोय, पण गाडी ओढत नाही, गिअर घसरतात, झटके बसतात, तेलाला जळका वास येतो, तेव्हा. आणि तेव्हाही आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावून त्याचा रिपोर्ट हातात मागायचा.

झाकणीखालची फट ही फक्त गाडी तिथून हलवण्यापुरती. तिच्या भरवशावर रोज गाडी चालवायची नाही, कारण ब्रेकचे दिवे बंद असण्याची शक्यता दाट. मी त्या रात्री तशी आले, ते बाहेर दुसरा इलाज नव्हता म्हणून.

ह्यांची सुट्टी बघून आम्ही दोघं त्या गॅरेजवर गेलो. मालक आता हिंदीवर आला. गिअरबॉक्सचं काम वेगळं, स्विचचं वेगळं, दोन्ही एकाच वेळी बिघडू शकत नाही का, असा उलटा प्रश्न. ह्यांनी शांतपणे विचारलं, गिअरबॉक्स उघडलात तर पॅनचे बोल्ट कुठल्या पान्याने खोलले? उत्तर नाही. मग मी टोइंगचा व्हिडिओ लावला. तुमच्याच पोराने पहिल्या मिनिटात शिफ्ट लॉक सोडवलं, मग संध्याकाळपर्यंत वाल्व बॉडी कुठून आली? तो पोरगा तिथेच उभा होता, तो आत निघून गेला. मालक म्हणाला, ‘जे करायचं ते करा.’

केलं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग वकिलांकडून नोटीस गेली आणि आश्चर्य म्हणजे आठवड्याभरात 15,000 रुपये ह्यांच्या खात्यात परत आले, सोबत ‘सेटल’ असा एक शब्दाचा मेसेज. आम्ही ‘नाही’ असं उत्तर पाठवून ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. 2019 च्या कायद्याप्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार पद्धत धरली जाते, त्यामुळे तो वहीचा कागद आमच्याच कामी आला. बरोबर जोडलंय ते असं: टोइंगचा व्हिडिओ, काळ्या तेलाचा फोटो तारखेसकट, यूपीआयच्या पावत्या, काकांचं लेटरहेडवरचं निवेदन, बोल्टांचे फोटो आणि जुना स्विच, टेपसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत. काका निवेदन द्यायला आधी कां कू करत होते, धंद्यातल्या माणसाविरुद्ध कसं लिहायचं म्हणून. टेपचा फोटो परत एकदा मोठा करून पाहिला आणि सही केली. उरलेले 31,500 अजून यायचे आहेत.