तीन रविवारांची फुलराणी: काव्यवर्गाचा अनुभव

मी भुसावळचा. रेल्वेच्या शेडमधून रिटायर झालो, भजनी मंडळात चाळीस वर्षं तबला वाजवतोय. कवितेतलं मला शाळेपुरतंच कळतं. जळगावात एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कथाकाव्याचं वृत्त, यमक, पुनरुक्ती शिकवणारा तीन रविवारांचा वर्ग होता. फी नऊशे. सुनेनं परस्पर नाव घातलं. तिन्ही रविवार कविता एकच, बालकवींची 'फुलराणी'. गाडीनं येता-जाता भादली लागतं. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी तिथंच रेल्वे अपघातात गेले. एरवी भादली आलं की मी पिशवी आवरायला घेतो. या वेळी खिडकीतून बघत बसलो.

पहिला रविवार पैसे वसूल. मॅडमनी फळ्यावर लघु-गुरू मांडले, लघु अक्षर एक मात्रेचं, गुरू दोन मात्रांचं. वृत्त पादाकुलक, चरणाला सोळा मात्रा, आठ-आठचे दोन भाग. म्हणजे आमचा तबल्याचा सोळा मात्रांचा तीनतालच की! 'हरित तृणांच्या मखमालीचे' यात 'मखमाली' बरोबर नवव्या मात्रेला सुरू होते, तबल्यात जिला 'खाली' म्हणतात आणि जिथं टाळी न देता हात मोकळा सोडतात. लगेच पुढं 'त्या सुंदर मखमालीवरती'. शब्द तोच, पण उचलला सातव्या मात्रेला, आणि 'खाली'च्या मात्रेवर येतो 'मा'. शाळेत घोकलेली ओळ, सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकू आली.

दुसऱ्या रविवारी यमकं. इथं माझं जरा बिनसलं. 'निजली शेते, निजले रान, निजले प्राणी थोर लहान'. मोजा, दोन्ही चरण पंधरा मात्रांचे. मॅडम म्हणाल्या, चरणाच्या शेवटचा लघु गुरू धरायचा, आणि पुढं गेल्या. नियम बरोबर आहे हो. पण तोंडानं म्हणून बघा. 'रान' म्हटल्यावर सोळावी मात्रा रिकामी राहते, हात हवेत थांबतो, आणि खरंच सगळं निजल्यासारखं वाटतं. मी बाकावर ठेका धरून म्हणून दाखवलं. शेजारची कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, परत म्हणा ना." मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. 'नाचु लागले भारद्वाज, वाजविती निर्झर पखवाज' हेसुद्धा पंधरा-पंधरा, पण तिथं ती उरलेली मात्रा थापेच्या घुमाऱ्याची. हा फरक फळ्यावर कसा दिसणार? तीन रविवारांत ही कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही कुणी मोठ्यानं म्हटली नाही. माझी मुख्य तक्रार हीच.

दुसरी तक्रार वाटलेल्या झेरॉक्सची. कवितेत फुलराणीचं लग्न लागतंय, तीनदा 'सावध' झालं, आणि पुढं कागदावर छापलंय 'दवमय हा अंतपट फिटला'. मात्रा भरतात पंधरा, आणि शेवटी तर 'ला', गुरू. म्हणजे कमी पडलेली मात्रा मधेच कुठंतरी. वीस मिनिटं चर्चा! कुणी म्हणालं, कवीनं सूट घेतली. अहो, 'अंतःपट' आहे ते. विसर्ग असला की 'तः' गुरू, झाल्या सोळा. टाइप करणाऱ्यानं दोन टिंबं खाल्ली आणि आळ आला बालकवींवर. तोही ऐन अंतरपाट दूर होताना! मॅडम "घरी बघते" म्हणाल्या. पुढच्या रविवारी वाटलेल्या कागदावर चूक तशीच.

पुनरुक्ती मात्र मॅडमनी फार छान उलगडली. नऊ कडवी, आठांच्या शेवटच्या चरणात फुलराणी. पहिल्यात 'साध्या भोळ्या फुलराणीला', दुसऱ्यात 'साधी भोळी ती फुलराणी'. 'ला'च्या दोन मात्रा गेल्या, तर 'ती' पुढं येऊन बसली. लग्नमंडपात 'साध्या भोळ्या फुलराणीचे'. फक्त पाचव्या कडव्याच्या शेवटी, स्वप्नात, देवता तिला 'अमुची राणी' म्हणतात. तिथं 'फुल' गळालंय. हे मला जन्मात दिसलं नसतं. त्या पाऊण तासासाठी मी पाचपैकी चार द्यायला तयार आहे, झेरॉक्सचा अर्धा कापून.

चहा चांगला. जिना उभा आहे, गुडघेवाल्यांनी विचार करावा.

पुढचा वर्ग पोवाड्यावर आहे म्हणतात. डफ वाजवणारा कुणी बोलावणार असतील तर माझं नाव धरा. नसतील, तर वाचनालयातून पुस्तक आणून मी घरीच म्हणेन.