द ममी (१९५९) : उघडे फक्त डोळे

रविवारी रात्री लाईट टिकली, म्हणून ‘द ममी’ एका बैठकीत बघून झाला. १९५९ चा, हॅमर या भयपट काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा, दिग्दर्शक टेरेन्स फिशर. सोबतीला सासूबाई. त्यांचं माहेर तेर, धाराशिव जिल्ह्यातलं जुनं गाव. तिकडं जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. इंग्रजीचा गंध नाही, पण कबर उघडताना बघितलं आणि म्हणाल्या, “पांढरीत कुदळ घालायलेत. आता भोगतील.”

झालं, हीच गोष्ट. राजकुमारी अनांकाची कबर इंग्रज उघडतात आणि तिचा राखणदार खारिस इंग्लंडात एकेकाला गाठतो. खारिस झालाय ख्रिस्तोफर ली. धिप्पाड गडी, जीभ छाटलेली, अंगभर चिखलानं माखलेल्या पट्ट्या. उघडे फक्त डोळे. इस्पितळाच्या खिडकीचे गज उपटून आत येतो तेव्हा सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. माझा श्वास मात्र पुढं अडकला. नायकाची बायको हुबेहूब अनांकासारखी. ती केस मोकळे सोडते आणि गळा धरायला आलेले हात जागीच थांबतात. नुसत्या डोळ्यांनी ली जे करतो, ते संवाद असलेल्यांनाही जमलेलं नाही. (नायक झालेला पीटर कुशिंग सोडून.)

“त्याला कशाला गोळ्या घालायलेत? सांगितलं तेवढं करायलाय बिचारा. धाडणाऱ्याला धरा की!” सासूबाईंचं खरं होतं. सूड खारिसला धाडणाऱ्या मेहेमेत बे या इजिप्शियन माणसाचा, खारिस नुसता हुकमाचा ताबेदार.

मधे जुन्या इजिप्तची मिरवणूक लांबत जाते. तेवढ्यात माझा चहा करून झाला. वाळवंट स्टुडिओतलं आहे हेही लपत नाही. आणि कर्नाकला चक्क देव केलाय! कर्नाक हे लक्सरमधलं देवळांचं ठिकाण. आपल्याकडं कुणी ‘वेरूळदेवा, पाव’ म्हणावं तसलं.

शाळेच्या सहलीत हैदराबादच्या म्युझियममधली ममी बघितली होती, निजामानं दिलेली. पोरं भुताच्या नावानं ओरडत होती. मला काचेतलं ते एवढंसं शरीर बघून वाईटच वाटलं होतं. रविवारी पुन्हा तसंच झालं.

मोबाईलवर बघू नका, अंधारातले प्रसंग दिसत नाहीत. टीव्हीला लावा. दीड तासाच्या आत संपतो.

सकाळी सासूबाईंनी शेजारणीला सगळी गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत ममी तेरची होती.