इंदूरच्या दवा बाजारातलं दुकान, जिथे माप घेतल्याशिवाय स्टॉकिंग मिळत नाही

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. केस लांबली की तीन-तीन तास ट्रॉलीपाशी एका जागी उभं राहायचं. डाव्या पोटरीवर आतल्या बाजूने शीर फुगली, संध्याकाळी घोट्याला बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉप्लर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी केली: सॅफेनस या कातडीखालच्या शिरेच्या झडपा नीट मिटत नाहीत, खोलवरच्या शिरा मोकळ्या, गुठळी नाही. सर्जननी गुडघ्यापर्यंतचे क्लास टू स्टॉकिंग, म्हणजे पायावर ठरावीक दाब देणारे घट्ट मोजे, लिहून दिले.

पहिली जोडी भाच्याने ऑनलाइन मागवली. पाकिटावर नुसतं ‘एम’, दाब किती ते कुठेच नाही. वरची पट्टी तासाभरात गुंडाळी होऊन गुडघ्याखाली काचायची. दाब घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर कमी कमी होत जायला हवा, तरच रक्त वर सरकतं. इथे वरतीच फास बसत होता.

मग ड्यूटी संपवून दवा बाजारात गेले. सर्जिकल सामानाचं छोटंसं दुकान आहे. काकांनी चिठ्ठी वाचली, पाय पाहिला आणि म्हणाले, “ताई, आत्ता माप घेत नाही. पाय सुजलाय. उद्या सकाळी या, उठल्यावर फार हिंडू-फिरू नका.” हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मला तरी नवीन होता. सकाळी त्यांनी घोट्याच्या वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी टेपने मोजली, तीही दोन्ही पायांची वेगवेगळी. माझा डावा पाय एक साइज मोठा निघाला.

माझ्या आधी एक आजोबा होते, बरीच वर्षं शुगर असलेले. चाललं की पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं, असं सांगत होते. काकांनी त्यांना स्टॉकिंग दिलंच नाही. “आधी डॉक्टरांना पायाची नाडी दाखवा,” म्हणाले. मला मनापासून बरं वाटलं. कारण ते दुखणं शिरांचं नसून रोहिण्यांचं, म्हणजे हृदयाकडून पायाला रक्त आणणाऱ्या वाहिन्यांचं असू शकतं. घोट्याशी मोजलेलं वरचं (सिस्टॉलिक) बीपी भागिले दंडावर मोजलेलं वरचं बीपी, हा आकडा ०.९ च्या खाली आला तर रोहिण्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी, ०.५ च्या खाली असेल तर असे स्टॉकिंग घालूच नयेत. आधीच कमी पोचणारं रक्त त्या दाबाने आणखी अडतं, बोटं काळी पडू शकतात.

आता मुख्य प्रश्न, फरक पडला का? पडला, आणि का पडला तेही सांगते. स्थिर उभं राहिलं की हृदयापासूनच्या रक्ताचा सगळा भार घोट्याच्या शिरांवर येतो, तिथला दाब ८०–९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत, आणि निरोगी पायात तोच दाब २०–३० वर उतरतो. रोहिणीसारखा स्नायूंचा जाड थर शिरेच्या भिंतीत नसतो, ती सहज ताणते. ताणली की झडपेच्या पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत आणि रक्त खाली साचतं. क्लास टू स्टॉकिंग घोट्याशी बाहेरून २३ ते ३२ मिलिमीटर दाब देतं, शिरेचा घेर कमी होतो, रक्त भराभर वर जातं. बिघडलेली झडप त्याने दुरुस्त होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

झडपा प्रत्यक्ष बघायच्या असतील तर हात खाली सोडा, फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराकडे सारा आणि ते बोट उचला. वरचं रक्त झडपेशी येऊन थांबतं, मधला भाग रिकामाच राहतो. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली हे चित्रं काढून दाखवलं होतं. आमच्या नवीन मुलींना मी हे नेहमी करून दाखवते.

वापराचं सांगायचं तर सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधीच घालायचे. जोडवी काढून ठेवा, धागा अडकतो. बोटांकडून उघडे असलेले घेतले तर पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी घाला, स्टॉकिंग सर्रकन चढतं, मग पिशवी पुढून ओढून काढायची. ही युक्ती काकांचीच. मे महिन्यात भयंकर गरम होतं, रात्री काढल्यावर त्वचा कोरडी पडते. स्वस्तही नाहीत, आणि सहा महिन्यांत ताण सैल पडतो. तरीही घोट्याची सूज आता जवळजवळ नसते, लांबलेल्या केसनंतरही.

दुकानाबद्दल एकच तक्रार. माप घेताना साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यावी लागते आणि समोरून माणसांची ये-जा चालू असते. काका, तेवढा एक पडदा लावून घ्या.