बेळगाव-खानापूरच्या पोरांना इंटर्नशिपच्या नावानं असं गंडवतात

कॉलेजनं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट जमा करायची तारीख लावली, की हे मेसेज सुरू होतात. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) अभियांत्रिकीत इंटर्नशिप सक्तीची आहे, तिला मार्क आहेत, आणि हे वेळापत्रक ठगांनाही पाठ असतं. वर्गाच्या ग्रुपवर येतं: पुण्याची कंपनी, घरबसल्या काम, महिना पंधरा हजार स्टायपेंड, जागा थोड्याच. पाठवणारा ओळखीचा, म्हणून कुणी शंका घेत नाही. 'आणखी पाच जण आण, तुझी फी परत' असं त्याला सांगितलेलं असतं, हे मागाहून कळतं.

टेलिग्रामवर दहा मिनिटांची मुलाखत होते. तिच्यात नापास कुणीच होत नाही. लगेच ऑफर लेटर येतं, लोगो आणि गोल शिक्क्यासकट. मग नोंदणीचे चारपाचशे रुपये. रक्कम मुद्दाम एवढीच ठेवतात, की घरी विचारावं लागू नये आणि बुडाली तर कुणी पोलिसांत जाऊ नये. ती भरली की लॅपटॉपचं डिपॉझिट, मग ट्रेनिंगचं शुल्क. आधीचे अडकलेत म्हणून पोरं पुढचे भरत जातात. शेवटी हाती पडतं ते क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट, आणि तो कोड उघडतो त्यांचंच पान. कॉलेजनं फोन करून पडताळणी केली, तर नंबर बंद.

डेटा एंट्रीचा प्रकार याहून वाईट. पैसे घेत नाहीत, ऑनलाइन करारावर सही घेतात. काम कितीही नीट करा, 'अचूकता कमी' म्हणून नाकारतात आणि वकिलाच्या नावानं नोटीस पाठवतात: कराराचा भंग झाला, इतके हजार भरा नाहीतर कोर्ट. खानापूरच्या खेड्यात घरी असा कागद आला की आईवडील घाबरून पैसे भरून टाकतात. भरू नका. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली म्हणून अटक होत नाही. नोटीस खरी वाटली, तर आधी बेळगावच्या एखाद्या वकिलाला दाखवा.

सगळ्यांत जास्त धोका मात्र 'अकाउंट्स इंटर्न' या कामात आहे. तुमच्या खात्यावर पैसे येतील, थोडे कमिशन ठेवून पुढे पाठवा, एवढंच काम. ते पैसे दुसऱ्या कुणाला तरी लुबाडून आलेले असतात. तक्रार झाली की खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. स्कॉलरशिप त्याच खात्यावर येत असेल, तर तीही अडकते. पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका, मित्रालासुद्धा.

ऑफर लेटर तपासायला पंधरा मिनिटं पुरतात. कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, २१ अक्षरांचा असतो. त्यातली सातवी-आठवी अक्षरं राज्याची (केए, एमएच) आणि पुढचे चार आकडे स्थापनेचं वर्ष. पत्रात '२००९ पासून' लिहिलंय आणि सीआयएनमध्ये २०२४ आहे, तर पत्र बहुधा खोटं बोलतंय. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकून नाव-पत्ता जुळवा. बऱ्याच लहान कारखान्यांना सीआयएन नसतो, तिथं जीएसटी क्रमांक पाहा: १५ अक्षरं, सुरुवातीला कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. नोंदणी खरी निघाली म्हणून माणसं खरी असतील असं नाही, कारण खऱ्या कंपनीचं नाव चोरूनही पत्रं निघतात. म्हणून पत्रावरचा नंबर सोडून कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन करा आणि पत्राचा संदर्भ क्रमांक विचारा. पैसे मागितलेच, आणि यूपीआयवर कंपनीऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं, तर तिथंच संपवा.

'पीएम इंटर्नशिप मिळवून देतो' म्हणणाऱ्यांनाही पैसे देऊ नका. त्या सरकारी योजनेत अर्जाला शुल्क नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) इंटर्नशिप पोर्टलवरही विद्यार्थ्याला फी पडत नाही.

आपल्याकडे उद्यमबाग, मच्छे, होनग्याला फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. निपाणीकडच्यांना कागलची एमआयडीसी जवळ. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र, ओळखपत्र आणि एक पानी बायोडेटा घेऊन सकाळी गेटवर जा, महिनाभर आधीपासून. बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड मिळणार नाही, पण हजेरी खरी असेल आणि कॉलेजनं फोन केला तर कुणीतरी उचलेल.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आले तरच परत यायची आशा असते. यूपीआयचा बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका, बँकेलाही कळवा. मग सायबर क्राइम पोर्टलवर किंवा बेळगावच्या सीईएन (सायबर गुन्हे पाहणाऱ्या) पोलीस ठाण्यात तक्रार द्या. 'कंपनी पुण्याची आहे, तिकडे जा' असं सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. आणि नंतर 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा फोन आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा असतो.